आडनावातला ‘ह’

माझा भाऊ मार्च १९८७चा आणि मी ऑगस्ट १९९०ची. दोघांचाही जन्म एकाच खोलीत झाला. पूर्णगडच्या अलीकडे मुचकुंदीच्या खाडीकडे उतरणाऱ्या हापूसच्या बागेत, राखणदाराच्या पत्र्याच्या खोलीत. सुईण तीच, ग्रामपंचायतीचं जन्मनोंदीचं रजिस्टरही तेच. तरी भाऊ जन्मानं भारतीय आणि मी नाही. हे मला कळलं तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. त्यानंतरची आठ वर्षं मी काय काय केलं ते इथे सविस्तर लिहिते आहे. बागांतून वाढलेली माझ्यासारखी आणखी मुलं आहेत आणि त्यांच्या आईवडिलांना हे समजावून सांगणारं कोणी नाही.

बाबा नेपाळच्या अछाम जिल्ह्यातले. रत्नागिरी-देवगडकडे दिवाळीनंतर नेपाळातून माणसं येतात, बागा राखतात, फवारणीला हात लावतात, आंबा उतरला की पावसाच्या तोंडावर परत जातात. कितीतरी जण मासेमारीच्या नौकांवर खलाशी म्हणून चढतात. १९५०च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही. बाबाही १९८४ला असेच आले, पण परत गेले नाहीत. बागेच्या मालकांनी, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, त्यांना बारमाही ठेवून घेतलं. पुढच्या वर्षी बाबा आमाला घेऊन आले. (आईला मी आमाच म्हणते. घरातला तेवढा एक शब्द शाळेत जाऊनही बदलला नाही.)

दिवसा वानरं, रात्री चोर आणि डुकरं. बाबांच्या एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात पत्र्याचा डबा असायचा. तीनशे बारा कलमं, आणि प्रत्येकाचा स्वभाव त्यांना पाठ. कुठलं कलम एक वर्षाआड धरतं, कुठल्याला थंडी लागल्याशिवाय मोहोर फुटत नाही. आंबा काढताना देठ बोटभर ठेवायचा, नाहीतर चीक फळावर ओघळतो आणि साल काळी पडते, हे अण्णांच्या नातवंडांनाही बाबांनीच शिकवलं. चाळीस वर्षं ज्या मातीवर त्यांनी हात फिरवला तिचा एक गुंठाही ते विकत घेऊ शकत नव्हते. शेतजमीन घ्यायची तर आपल्याकडे मुळात शेतकरी असावं लागतं. शिवाय नेपाळच्या नागरिकाला भारतात जमीन-घर विकत घ्यायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. बाबांनी कधी मागितलीही नाही.

देशाच्या आधी गावाचं सांगते, कारण मला पहिला प्रश्न गावानं विचारला होता.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. आमच्या बागेच्या बेड्यासमोरून, म्हणजे आडव्या बांबूंच्या फाटकासमोरून, ती जायची, पण आत वळायची नाही. गावकऱ्यांच्या घरी पालखी जाते, आणि आम्ही गावकरी नव्हतो. आम्ही अण्णांच्या बागेतले होतो. आमा दरवर्षी दारात सारवायची, रांगोळी काढायची, ताटात नारळ आणि ओटीचं सामान ठेवून उभी राहायची. ढोल जवळ यायचा, गडग्याच्या पलीकडून अब्दागिरीचं टोक दिसायचं आणि मग आवाज पुढे निघून जायचा. आमा नारळ उचलून आत ठेवायची. कुणाविषयी एक शब्द बोलायची नाही.

मी तिसरीत होते त्या वर्षी पालखी बेड्यापाशी थांबली. पुढे असलेल्या मानकरी आजोबांनी बेड्याच्या आडव्या बांबूवर हात ठेवला आणि मागे वळून एवढंच म्हणाले, “बारा वरसं दिवा लागतोय हितं.” कुणीतरी हळू आवाजात काहीतरी पुटपुटलं. आजोबांनी बांबू बाजूला सारला. पालखी आत आली तेव्हा आमाच्या हातातलं ताट इतकं थरथरत होतं की कुंकवाची डबी कलंडली आणि सारवलेल्या जमिनीवर लाल रेघ उमटली. तिनं ती आठ दिवस पुसली नाही.

त्यामुळे माझ्या मनात कधी शंकाच आली नाही. शाळा मराठी, मैत्रिणी गावच्या, गणपतीत आरत्या पाठ. कोणी “कुठची गो तू?” विचारलं की मी गावाचं नाव सांगायची. आधार कार्डही निघालं. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं. मतदार यादीत नाव घालायची वेळ आली तेव्हा बाबा म्हणाले, “राहू दे, नंतर बघू.” त्यांना काहीतरी ठाऊक होतं. मी विचारलं नाही.

२०१६ला मी पासपोर्टचा अर्ज केला. भाऊ कतारला आचारी होता, त्याच्या ओळखीनं मला तिथे हिशेबनीसाचं काम मिळण्यासारखं होतं. चौकशीला आलेल्या हवालदारांनी पडवीत बसून चहा घेतला आणि सहज विचारलं, “वडिलांचा जन्म कुठला?” बाबा उठले, ट्रंकेतून प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेला कागद घेऊन आले आणि त्यांच्यासमोर ठेवला. नेपाळची नागरिकता, म्हणजे तिथल्या नागरिकत्वाचा दाखला. बाबा खोटं बोलले असते तर तो पासपोर्ट कदाचित मिळालाही असता. बाबा बोलले नाहीत. आज मला त्याचा अभिमान वाटतो. त्या दिवशी मात्र मी त्यांच्याशी भांडले होते. हवालदारांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, “बाय, तुझा भाऊ सुटला. तू तीन वर्षं उशिरा आलीस.”

त्याचा अर्थ मला रत्नागिरीतल्या एका वकीलबाईंनी समजावला. नागरिकत्व कायदा १९५५चा. त्याप्रमाणे २६ जानेवारी १९५०नंतर भारताच्या भूमीवर जन्मलेलं मूल भारतीय, मग आईबाप कुठलेही असोत. अपवाद परकीय राजदूतांच्या वगैरे मुलांचा. पण १९८६ला कायदा बदलला आणि १ जुलै १९८७पासून जन्माबरोबर आई किंवा वडील यांपैकी एकजण भारतीय असण्याची अट आली. पुढे ३ डिसेंबर २००४पासून ती आणखी कडक झाली. आता दोघे भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. १९८६च्या बदलामागे आसामातलं आंदोलन आणि १९८५चा आसाम करार होता. ब्रह्मपुत्रेच्या काठावर सुरू झालेल्या वादाची रेघ मुचकुंदीच्या काठावर, एका खोलीत जन्मलेल्या दोन भावंडांच्या मधून गेली.

मी त्या दिवसांत रात्र-रात्र वाचत बसायची. ब्रिटननं केवळ जन्मानं मिळणारं नागरिकत्व १९८३ला थांबवलं, ऑस्ट्रेलियानं १९८६ला, आयर्लंडनं २००४ला सार्वमत घेऊन. अमेरिकेत मात्र १८६८च्या चौदाव्या घटनादुरुस्तीनं ते संविधानातच घातलेलं. म्हणजे आपल्यात कुणाला धरायचं हा प्रश्न एकट्या भारताला पडलेला नव्हता. ऑगस्ट १९४९ला संविधान सभेत नागरिकत्वाचं कलम आलं तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं होतं की एखाददुसरं कलम सोडलं तर मसुदा समितीला याच्याइतकी डोकेदुखी कशानंच झाली नाही. हे वाचलं आणि माझा राग थोडा उतरला. जे त्या माणसाला अवघड गेलं ते मला सोपं जावं असं मी का धरून चालले होते?

आणि मी किनाऱ्यावरची मुलगी आहे. १९९३ला रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर स्फोटकं उतरवली गेली, २००८ला मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातूनच आले. त्यानंतर नौकांवरच्या माणसांची ओळखपत्रं किती काटेकोर तपासली जाऊ लागली ते मी पाहिलं आहे. देशानं दारात उभ्या असलेल्याला “कोण रे?” विचारावं, यात मला अपमान वाटत नाही. आमच्या बाबांचं सगळं आयुष्य तोच प्रश्न विचारण्यात गेलं, अंधारात बॅटरी मारून. माझं म्हणणं इतकंच होतं की विचारल्यावर उत्तर ऐकून घेणारं कोणी असावं.

वकीलबाई म्हणाल्या, दार एकच आहे, देशीयकरण, म्हणजे इथल्या लांब रहिवासाच्या आधारावर नागरिकत्व मागणं. अर्जाच्या लगेच आधीचे बारा महिने सलग भारतात, आणि त्याच्याही आधीच्या चौदा वर्षांत मिळून किमान अकरा वर्षं इथे राहिलेलं असावं. चारित्र्य चांगलं असावं. संविधानाच्या आठव्या अनुसूचीतली एखादी भाषा यावी. आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व सोडायची तयारी हवी. मी म्हटलं, “माझ्याकडे सोडायला दुसरा देशच नाही.” त्या म्हणाल्या, “मग आधी तो घेऊन ये.”

भारतीय व्हायचं तर आधी कागदावर नेपाळी व्हायचं. २०१७च्या ऑक्टोबरात मी आणि बाबा निघालो. लखनौपर्यंत रेल्वे, तिथून पलियामार्गे गौरीफंटाची सीमा, पलीकडे धनगढी, मग अत्तरियाहून डोंगर चढत डडेलधुरा, डोटी आणि शेवटी साँफेबगर. बाबा तेहतीस वर्षांत तीनदा गेले होते, मी पहिल्यांदा. गाडी वळणं घेत होती आणि बाबांचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत बदलत होता. ज्या माणसाला मी कायम हळू, आवाज खाली ठेवून बोलताना पाहिलं होतं, तो खिडकीतून हाका मारत होता.

चुलत्यांच्या घरी बायकांनी मला बघायला गर्दी केली. मी ‘बम्बईकी छोरी’. त्यांच्या लेखी रत्नागिरीपासून पुण्यापर्यंत सगळं बम्बईच. त्या बोलायच्या ते मला निम्मं कळायचं, मी बोलले की त्या हसायच्या. प्रेमानंच हसायच्या. पण रात्री चुलीशेजारी अंथरुणावर पडल्यावर मला खाडीचा वास आठवून रडू फुटलं. बाबांना कळू नये म्हणून तोंड गोधडीत घातलं. आमाला तीस वर्षांपूर्वी पत्र्याच्या खोलीत अशाच रात्री गेल्या असतील, हे तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं.

वडा कार्यालयातून, म्हणजे तिथल्या प्रभागाच्या कचेरीतून, शिफारस, मग मंगलसेनला जिल्हा प्रशासनाच्या कार्यालयात. जन्म भारतातला असला तरी वडील नेपाळी म्हणून वंशानं नागरिकता मिळते. तारखा विक्रम संवतातल्या. माझा १९९०चा ऑगस्ट तिथे २०४७चा श्रावण झाला. आपल्याकडेही मी श्रावणातलीच, नारळी पौर्णिमेच्या आठवड्यातली. तेवढा महिना दोन्हीकडे एकच निघाला याचं मला फार बरं वाटलं. कागदावर दोन्ही अंगठ्यांचे ठसे घेतात. शाई नखांत शिरली ती लखनौपर्यंत निघाली नाही.

परत आल्यावर २०१८ला माझं लग्न झालं. नवरा एसटीत कंडक्टर, गाव आमच्यापासून सात किलोमीटरवर. सासरी आधी कुजबुज झाली, ती मी इथे उगाळत बसत नाही. लग्नाच्या नात्यानंही नागरिकत्व मिळतं, पण त्याला अर्जाआधी सात वर्षांचा रहिवास धरतात. माझा रहिवास जन्मापासूनचा होता, पण लग्न ताजं. वकीलबाईंनी देशीयकरणाचाच अर्ज लावायला सांगितला. नेपाळचा पासपोर्ट दिल्लीच्या त्यांच्या वकिलातीतून आला आणि जानेवारी २०१९ला अर्ज ऑनलाइन भरून त्याची प्रत जिल्ह्याच्या कचेरीत दाखल केली.

इथून खरी कसोटी. माझ्या आडनावात एक ‘ह’ आहे. बाबांच्या नागरिकतेत तो आहे. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ऐकलं तसं लिहिलं आणि तो गळला. शाळेच्या दाखल्यावरून आधार निघालं, त्यात ‘ह’ नाही. नेपाळच्या पासपोर्टात रोमन लिपीमुळे तिसरंच काहीतरी उमटलं. कागदोपत्री मी तीन बायका होते. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, मुख्याध्यापकांचा दाखला, पुन्हा प्रतिज्ञापत्र. त्या एका अक्षरात माझे पाच महिने गेले. आणि नंतर, २०२१ला, वरच्या एका कार्यालयातून फाईल परत आली तीही त्याच अक्षरासाठी. ज्यांचं काम पुढे व्हायचं आहे त्यांना मी हात जोडून सांगते: मुलाचं नाव शाळेत घालताना तुमचा जुना कागद समोर ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. आणि जन्मनोंद त्याच आठवड्यात करा. घरी जन्मलेल्या मुलाची तर नक्कीच.

भाषेचा दाखला घ्यायला मी माझ्या हायस्कुलात गेले. जायच्या आधी आठवी अनुसूची काढून वाचली. बावीस भाषा. मराठी पहिल्यापासून आहे. कोकणी आणि नेपाळी मात्र एकाच दिवशी आत आल्या, १९९२च्या एकाहत्तराव्या घटनादुरुस्तीनं, मणिपुरीच्या जोडीनं. मी ती ओळ बोटानं धरून परत-परत वाचली. माझ्या आमाची भाषा या देशाच्या स्वतःच्या भाषांत होती. सिक्कीमला, दार्जिलिंगला ती बोलणारे भारतीयच आहेत. म्हणजे माझ्या घरात बोललं जाणारं परकं नव्हतं, परका होता तो एक कागद.

मुख्याध्यापक नवे होते, मला ओळखत नव्हते. त्यांनी लिपिकाला जुनी हजेरीपत्रकं काढायला लावली. दाखला लिहून झाल्यावर त्यांनी तो मला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगितला. नियमाचा भाग म्हणून असेल. “मराठी भाषा बोलता, वाचता व लिहिता येते” एवढंच वाक्य. शेवटच्या शब्दाला माझा आवाज फुटला. सर उठून खिडकीशी गेले आणि बराच वेळ मैदानाकडे बघत राहिले.

चारित्र्याची ग्वाही द्यायला दोन भारतीय माणसं लागतात. अण्णांचे चिरंजीव तयार होते, पण अण्णा ऐकेनात. वय चौऱ्याऐंशी, गुडघे गेलेले. रिक्षातून उतरून नोटरीच्या जिन्याच्या सोळा पायऱ्या ते एकेक करत चढले. वर गेल्यावर सही करण्याआधी त्यांनी विचारलं, “यात बहादूरचं नाव कुठे आहे?” बाबांना सगळे बहादूरच म्हणतात. वकिलानं दाखवलं. अण्णांनी चश्मा पुसून ते वाचलं आणि म्हणाले, “त्याचं खरं नाव मी आज वाचतोय.” चाळीस वर्षांच्या जवळपासचा संबंध. ते वाक्य त्यांनाच लागलं असावं. परतीच्या वाटेत ते गप्प होते. दुसऱ्या दिवसापासून बाबांना त्यांनी नावानं हाक मारायला सुरुवात केली. बाबा पहिले काही दिवस ओ द्यायलाच विसरायचे.

डिसेंबर २०१९ला नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा भेटेल तो म्हणायचा, “आता तुझं झालंच की.” ती दुरुस्ती पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांपुरती. नेपाळ त्यात नाही. माझी फाईल जुन्या वाटेनंच चालली होती. मग २०२० आलं. ऐन हापूसच्या हंगामात टाळेबंदी लागली, शेजारच्या बागांतली नेपाळी माणसं ना इथली राहिली ना तिथली, त्यांची सीमा बंद. आमा त्या दोन महिन्यांत रोज वीस-पंचवीस जणांचा भात शिजवायची. तांदूळ अण्णांकडून आणि मोहल्ल्यातून यायचा. मोहल्ल्यातल्या चाचींनी निरोप पाठवला होता, “आमची पोरं पण कुवेतला अडकलीत, तिथं कोणीतरी त्यांना जेवू घालत असेल.” त्याच वर्षी माझा मुलगा झाला. त्याचे वडील भारतीय, मीही कुठून चोरून आलेली नाही, म्हणून तो जन्मानं भारतीय. भाऊ, नवरा, मुलगा सगळे भारतीय, आणि त्यांच्या मधोमध मी.

चाचींचं ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. आपल्या या पट्टीत असं घर शोधून सापडणार नाही ज्यातलं कोणी बाहेर गेलेलं नाही. मुंबईच्या गिरण्यांत गेले, आगबोटींवर गेले, ऊसमळ्यांत राबायला मॉरिशसला गेले. केपटाऊनमध्ये कोकणी मुसलमानांच्या पिढ्या झाल्या. आणि तसेच लोक इथे आलेही. अलिबागजवळ नवगावला फुटक्या गलबतातून बेने इस्रायलांचे पूर्वज उतरले असं ते सांगतात, त्यांची आडनावं किहीमकर, राजपूरकर झाली, तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत म्हणून ते ‘शनिवार तेली’ झाले. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलं, तो १९१६ला इथेच वारला, आणि त्याची नात टूटू इथेच संसार करून मराठीच बोलत म्हातारी झाली. कचेरीच्या फेऱ्या घालताना थिबा पॅलेसवरून रिक्षा गेली की मला राजापेक्षा टूटूची आठवण यायची. तिला कधी कोणी विचारलं असेल का, कुठची गो तू, आणि तिनं काय सांगितलं असेल?

चौकश्या तीन झाल्या. पोलिसांची, गुप्तवार्ता विभागाची आणि ‘ह’मुळे पुन्हा पोलिसांची. दर वेळी मी खरं तेच, त्याच क्रमानं सांगितलं. एका अधिकाऱ्यांनी विचारलं, “भारत-नेपाळ भांडण झालं तर तुम्ही कुणाच्या बाजूला?” मी म्हटलं, “माझं पोर इथे शाळेत जाणार आहे, माझे बाबा तिथे जन्मले. भांडण होऊ नये म्हणून रोज देवाला सांगणारी मी एक. पण कायद्यानं विचाराल तर ज्या संविधानाची शपथ घेईन, त्याच्या बाजूला.” त्यांनी मान हलवून लिहून घेतलं.

२०२३च्या शेवटी दिल्लीचं पत्र आलं: अर्ज मंजूर, नेपाळचं नागरिकत्व सोडल्याचा पुरावा द्या. ज्या कागदासाठी डोंगर चढले होते तो परत करायचा. त्यावरचे माझे दोन्ही अंगठे मी एकदा डोळे भरून पाहिले आणि कागद पाकिटात घातला. बाबा शेजारी होते. त्यांना वाईट वाटतंय का, विचारायचा मला धीर झाला नाही. ते स्वतःच म्हणाले, “घर सोडून मी आलो होतो, छोरी. तू कुठे सोडते आहेस?”

फेब्रुवारी २०२४ला जिल्हाधिकाऱ्यांसमोर शपथ. शपथ तीन ओळींची आहे. कायद्यानं प्रस्थापित झालेल्या भारताच्या संविधानावर खरी श्रद्धा आणि निष्ठा ठेवीन, भारताचे कायदे पाळीन, नागरिक म्हणून माझी कर्तव्यं पार पाडीन. संपलं. मी आधीच पाठ केली होती, तरी कागद हातात धरून सावकाश वाचली. तिच्यात रक्ताचं काही नाही, जातीधर्माचं नाही, भात खातेस की डाळरोटी याचं नाही, आजा कुठे पुरला-जाळला याचं नाही. जन्मानं भारतीय असलेल्यांना ही शपथ कधी घ्यावी लागत नाही. माझ्या भावानं घेतली नाही, नवऱ्यानं घेतली नाही. घरात ती मोठ्यानं म्हटलेली मी एकटी आहे, आणि त्या तीन ओळींनी मला जे दिलं ते जन्मानं मिळालं असतं तर मी इतकं घट्ट धरलं नसतं.

घरी आले तेव्हा आमानं दारात सारवून रांगोळी काढलेली होती.

७ मे २०२४ला लोकसभेचं मतदान झालं. केंद्र माझ्या सासरच्या प्राथमिक शाळेत. रांगेत पुढच्या वहिनी वळून म्हणाल्या, “पहिल्यांदाच दिसतेस गो हितं.” मी हो म्हटलं. आठ वर्षांचं काय सांगणार? बोटाला शाई लागली आणि मंगलसेनची शाई आठवली. बाबा शाळेच्या फाटकाबाहेर माझ्या मुलाला कडेवर घेऊन उभे होते. त्यांना आत येता येत नव्हतं. ते आजही नेपाळचेच नागरिक आहेत आणि अर्ज करायला तयार नाहीत. मीही आग्रह सोडला आहे. बागेतल्या खोलीवर आता अण्णांनी कौलं घातली आहेत, आणि पालखी दरवर्षी न सांगता आत वळते.

या महिन्यात शेजारच्या बागेतल्या राखणदाराची मुलगी माझ्याकडे आली. २००६चा जन्म, बारावीला तालुक्यात दुसरी, नर्सिंगला जायचं म्हणते. प्रवेशाच्या अर्जात राष्ट्रीयत्वाचा रकाना कोरा ठेवून आली होती. “ताई, इथे काय लिहू?” मी तिला आधी जे खरं आहे ते लिहायला सांगितलं. मग तिच्या घरी गेले, तिच्या बाबांनी ट्रंकेतून कागद काढले, ते सगळे चटईवर ओळीनं मांडले. जन्मनोंद आहे, दाखला आहे, नागरिकता आहे. तिच्या बाबांच्या नावात एका जागी ऱ्हस्व वेलांटी आहे, तिच्या दाखल्यात दीर्घ. उद्या सकाळी आम्ही दोघी शाळेत जाणार आहोत.